मोटार बंद केल्यानंतर

ग्लायडर बांधायला जेवणाचे टेबल पुरते, उडवायला मात्र अख्खा माळ लागतो. आम्ही सुकापूरला राहायला आलो तेव्हा दोन्हींची सोय होती. टेबल चार माणसांचे. त्यावर दोन मीटरचा पंख ठेवला की दोन्ही टोके बाहेर लोंबत आणि घरच्यांचे पान जमिनीवर मांडले जाई. माळ म्हणजे भाताची खाचरे. नवीन पनवेलमधून माथेरान रस्त्याला लागले की सुकापूर, आकुर्ली आणि पुढे नेऱ्यापर्यंत ती रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली होती. पनवेलची महापालिका २०१६ साली झाली, पण सुकापूर ग्रामपंचायतीतच राहिले. त्यामुळे असेल किंवा निव्वळ योगायोगाने असेल, उंच इमारतीच्या कंपाउंडला लागून नांगरट हे दृश्य इथे बरीच वर्षे टिकले. गच्चीवर गेले की पूर्वेला प्रबळगड, त्याच्या शेजारी कलावंतिणीचा सुळका, पाठीमागे माथेरानचे पठार, आणि दक्षिणेकडे मान वळवली की कर्नाळ्याचा अंगठा. ट्रेकवाल्यांना ही नावे पाठ असतातच. मॉडेल उडवणाऱ्यालाही असतात, पण वेगळ्या कारणासाठी. वारा कुठून येणार आणि कशावर आदळून वर चढणार, ते हे डोंगर ठरवतात.

इलेक्ट्रिक ग्लायडर म्हणजे नाकावर मोटार असलेले, पण मोटारीच्या जिवावर न उडणारे विमान. माझे किलोच्या थोडे आत भरते. वाऱ्याच्या तोंडावर उभे राहायचे, रेडिओची काडी पुढे ढकलायची आणि मोटारीने जोर धरला की विमान खांद्याच्या उंचीवरून सरळ समोर सोडायचे. वर फेकायचे नाही, समोर सोडायचे. वीस-पंचवीस सेकंदांत ते शंभर मीटर गाठते. तिथे मोटार बंद. प्रॉपेलरची पाती वाऱ्याने मागे दुमडून बॉडीला चिकटतात, म्हणजे त्यांची अडचण संपते. इथवर जे झाले त्याला आम्ही उडणे म्हणत नाही, ते नुसते चढणे. उडणे यानंतरचे.

यानंतर विमान सेकंदाला आठ-नऊ मीटर पुढे जाते आणि साठ-सत्तर सेंटिमीटर खाली येते. हे दोन्ही आकडे पंखाच्या आकाराने आणि एकूण वजनाने बांधताना ठरून गेलेले असतात, उडवणाऱ्याच्या हातात ते फक्त बिघडवणे उरते. हवेत काहीच हालचाल नसेल तर शंभर मीटरची उंची अडीच मिनिटे पुरते. म्हणून आमच्या हिशेबात उंची मीटरमध्ये नसते, वेळात असते. मोटारीने मिळवलेली उंची ही बँकेतली शिल्लक, आणि प्रत्येक आखूड वळण, काडीला दिलेला प्रत्येक घाईचा झटका हा खर्च. नवशिका शिल्लक उतरू लागली की पुन्हा मोटार लावतो. तीन सेलच्या २२०० मिलीअँपिअर अवर बॅटरीत असे दहा-बारा चढ आरामात निघतात, त्यामुळे अर्धा तास कसा गेला हे त्याला कळत नाही. आणि हवेबद्दलही काही कळत नाही. मुरलेला माणूस मोटारीचा खटका रेडिओवर आहे हेच विसरायचा प्रयत्न करतो.

पण आधी बांधणे.

बाजारात तयार ग्लायडर मिळते, फोमच्या साच्यातून निघालेले. स्क्रू पिळले, बॅटरी लावली की झाले. त्यात कमीपणा काही नाही. मी मात्र पंख घरी कापतो. त्यासाठी थर्माकोलचा ठोकळा, निक्रोमची तार, बारा व्होल्टची बॅटरी आणि सनमायकाचे चार तुकडे लागतात. सनमायकावर पंखाचा छेद काढून तो कानशीने घासून गुळगुळीत करायचा. खालून जवळजवळ सपाट, वरून फुगीर असा तो आकार. अशा छेदांतला सर्वांत प्रसिद्ध ‘क्लार्क वाय’. व्हर्जिनियस क्लार्क या अमेरिकन अभियंत्याने तो १९२२ साली आखला आणि शंभर वर्षांनंतरही शिकाऊ मॉडेलांच्या पंखांत तो सापडतो. हे साचे ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना टाचणीने पक्के करायचे, तार तापवायची आणि साच्यावरून ती सरकवत न्यायची. तार थर्माकोलला स्पर्शही न करता पुढचा भाग वितळवत जाते.

गंमत अशी की तारेची दोन टोके दोन माणसांनी धरावी लागतात. पंख बुंध्याला रुंद आणि टोकाला निमुळता असतो, माझा बुंध्याशी बावीस सेंटिमीटर आणि टोकाशी सोळा. दोघांनी एकाच वेळी सुरुवात करून एकाच वेळी शेवट गाठायचा, म्हणजे टोकाकडच्या माणसाने मुद्दाम सावकाश चालायचे. यावर मॉडेलवाल्यांची जुनी युक्ती आहे. दोन्ही साच्यांवर एक ते दहा अशा खुणा करायच्या आणि आकडे मोठ्याने म्हणत जायचे. आमच्या घरी टोकाची बाजू बायकोकडे असते. “अहो, आधी खिडक्या उघडा,” हे तिचे पहिले वाक्य, कारण वितळणाऱ्या थर्माकोलचा धूर खरोखरच वाईट. मग आकडे सुरू होतात. तीन म्हटले की दोघांची तार तीनवर. मध्ये कुणी थांबला तर त्या जागी तार खोल वितळते आणि पंखावर खोबण पडते. दाराची बेल वाजली तरी आकडे थांबत नाहीत. शेजारच्या काकूंनी एकदा बाहेरून विचारले होते की तुमच्याकडे रोज संध्याकाळी कसली मोजणी चालते.

थर्माकोल पूर्वी मखरवाल्यांकडून मिळायचा. गणपती झाले की गल्लोगल्ली मोठमोठे तुकडे टाकून दिलेले असत. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी घातली आणि मखरे कागदाची, कापडाची झाली. ते योग्यच झाले. गाढी नदीच्या कडेला विसर्जनानंतर जे दिसायचे ते पाहिलेला माणूस दुसरे काही म्हणणार नाही. आमचेही नुकसान झाले नाही, कारण मखराचा थर्माकोल पंखाला भुसभुशीतच पडायचा. आता शीतगृहांच्या भिंतींत घालतात तो दाट थर्माकोल आणतो. त्यात मधोमध खाच पाडून कार्बनची नळी बसवायची. कार्बन महाग वाटत असेल तर बुरुडाकडची बांबूची कामटी चालते, आकाशकंदिलाला लागते तीच, जरा जाड. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल. वाळायला रात्र घेतो, पण निमूट काम करतो. घाई म्हणून साधे फेविक्विक लावाल तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडेल. मग वरून रंगीत टेप. पंखाची वरची बाजू नारिंगी आणि खालची गडद लाल किंवा काळी. ही हौस नव्हे, आकाशात बारीक झालेले विमान आपल्याकडे येते आहे की दूर जाते आहे, हे त्या रंगावरूनच कळते.

मोटार, वेगनियंत्रक, नऊ-नऊ ग्रॅमचे सर्व्हो हे सगळे लॅमिंग्टन रोडवर मिळते किंवा घरपोच येते. ते बसवण्यात फारसे काव्य नाही. शेवटी एक काम मात्र जपून करायचे असते, ते म्हणजे तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर खालून दोन बोटे लावायची आणि विमान उचलायचे. नाक किंचित खाली झुकून स्थिर राहिले तर ठीक. नाही तर बॅटरी पुढे-मागे सरकवायची, तेवढ्याने भागले नाही तर नाकात शिशाचा तुकडा. जॉर्ज केली या इंग्रज जमीनदाराने १८०४ साली हेच केले होते. एका काठीवर पतंग तिरपा बांधून त्याचा पंख केला, मागे हलवता येईल अशी शेपटी लावली आणि पुढे सरकवता येईल असे वजन. टेकडीवरून सोडले की ते तरंगत खाली येई. पंख मध्ये, शेपूट मागे, वजन पुढे ही मांडणी तेव्हापासूनची. राइट बंधूंच्या आधी शंभर वर्षे एका खेळण्यात विमानाचा सगळा आराखडा तयार होता, राहिले होते ते फक्त इंजिन.

इथे एक नाव हमखास निघते. टेबलावर पंख पाहिला की येणारा प्रत्येक पाहुणा मला शिवकर बापूजी तळपद्यांची आठवण करून देतो. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याची कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तळपदे होते, खटपट्या होते, विमानाच्या ध्यासाने झपाटलेले होते, याबद्दल शंका नाही. पण उड्डाणाचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या सुब्बराय शास्त्रींशी त्यांचे नाव जोडले जाते त्यांनी सांगितलेल्या ‘वैमानिकशास्त्रा’तली चित्रे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी तपासली आणि ती विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध केला. मी ती चित्रे पाहिली आहेत. वजन कुठे आणि पंख किती, हे दोनच प्रश्न त्यांना विचारावेत. पाहुणे नाराज होतात, मी चहा टाकायला उठतो.

मला हे वेड लागले ते कॉलेजात, एनसीसीच्या हवाई शाखेत. तिथे एरोमॉडेलिंग शिकवत. विमान तारांना बांधलेले, आपण मधे उभे राहून गरगर फिरायचे. इंजिन बोटभर, त्याचे इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल. त्या वासाने आणि चक्करने निम्मी मुले पहिल्या दिवशीच गळत. वीज आली ती फार उशिरा, निदान आमच्यापर्यंत. इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी ‘रेडिओ क्वीन’ नावाचे मॉडेल बॅटरी आणि विजेच्या मोटारीवर उडवले होते. जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांनी १९६० साली विजेवरचे ग्लायडर बाजारात आणले आणि पुढे त्यांच्याच आराखड्याने २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियातल्या वेल्समध्ये माणूस बसलेले ग्लायडर निव्वळ विजेवर उडाले, नऊ-दहा मिनिटे. आज विजेच्या विमानांवर अब्जावधी खर्च होतात, पण त्यांचा पूर्वज मॉडेलवाल्याच्या टेबलावरून उठून गेला आहे. आपल्याकडे हे सगळे सामान्यांच्या आवाक्यात आले ते लिथियम पॉलिमर बॅटऱ्या स्वस्त झाल्यावर. रेडिओही बदलले. पूर्वी दोघांकडे एकच फ्रिक्वेन्सी असली तर एकाच्या काडीने दुसऱ्याचे विमान जमिनीवर यायचे, म्हणून मैदानावर फळीला चिमटे लावून ज्याचा चिमटा त्याची पाळी असा रिवाज होता. २.४ गिगाहर्ट्झ आले आणि चिमटे गेले. त्याबरोबर एकमेकांची वाट पाहणेही गेले, पण त्याबद्दल गळा काढावा असे मला वाटत नाही.

आता खाचरे. ग्लायडर उडवणाऱ्याचे वर्ष शेतकऱ्याच्या वर्षाला बांधलेले असते, हे मला सुकापुरात कळले. जून ते सप्टेंबर प्रश्नच नाही. ऑक्टोबरात ऊन कडक, पण भात उभे. नोव्हेंबरात कापणी होते, आणि मग मऊ, कोरडे, बुंध्यांनी भरलेले रान मोकळे मिळते. ग्लायडर उतरवायला यापेक्षा चांगली जागा नाही. पण तेही सगळे नाही. जमिनीतल्या ओलाव्यावर शेतकरी लगेच वाल टाकतात, आणि पनवेल-अलिबागकडचा वाल काय चीज आहे हे खाणाऱ्याला विचारावे. पहिल्या वर्षी बांधावर उभा होतो, एक आबा येऊन शेजारी टेकले. बराच वेळ विमानाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “सायेब, यो इमान कवऱ्याला परला?” मी किंमत सांगितली, अर्थात थोडी कमी करून. त्यांनी मान हलवली. “वालान नको पारूस, मंग काय बी कर.” त्या दिवसापासून आमच्या उड्डाणाचा नकाशा वालाच्या तुकड्यांनी ठरला. उतरणीची दिशा वाऱ्याने ठरते असे पुस्तकात लिहिले आहे, ते शेत आपले असलेल्यांसाठी. जानेवारीत त्याच वालाच्या शेंगांची पोपटी लागायची. भांबुर्डीचा पाला, मडके, वरून पेटलेला गवत-काटक्यांचा ढीग. एका पोपटीच्या धुराने मला जे दाखवले ते कोणत्याही उपकरणाने दाखवले नसते. धूर सरळ वर जाता जाता एकदम एका बाजूला ओढला गेला आणि थोड्या वेळाने पुन्हा सरळ झाला. शेजारच्या शेतातून गरम हवेचा फुगा सुटला होता, त्याची जागा भरायला आजूबाजूची हवा धावली होती.

हा फुगा म्हणजे थर्मल. ऊन सगळीकडे सारखे पडते, पण जमीन सारखी तापत नाही. भाताचे बुंधे एका हिशेबाने तापतात, डांबरी रस्ता दुसऱ्या, गाढीचे पाणी तिसऱ्या. जी जागा शेजारणीपेक्षा जास्त तापते तिच्यावरची हवा फुगते, हलकी होते आणि कधीतरी सुटते. एप्रिलमध्ये इथले शेतकरी राब भाजतात. रोपे टाकायच्या तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून पेटवतात. जळून गेल्यावर तो चौकोन कोळशासारखा काळा राहतो आणि अकराच्या उन्हात त्यावर पाय ठेववत नाही. आमच्यातले बहुतेक जण मोटार बंद केली की आधी राबाच्या दिशेने जातात. नेहमी लागते असे नाही. पण लागते तेव्हा ओळखायला चूक होत नाही. सरळ चाललेले विमान अचानक शेपटी उचलते, किंवा एक पंख कुणी खालून ढकलल्यासारखा वर जातो. ज्या बाजूचा पंख उचलला त्या बाजूला वळायचे. मनाची ओढ उलट असते, कारण विमान स्वतःहून दुसऱ्या बाजूला कलत असते. तिकडे जाऊ दिले की फुगा हुकला. वळले, गोल धरला, आणि गोलात विमान चढू लागले की मानेला रग लागेपर्यंत वेळ जातो. मोटार बंद, आवाज नाही, आणि उंची वाढते आहे. खर्च चालू असताना शिल्लक वाढण्याचा हा एकमेव प्रकार मला ठाऊक आहे.

यात आमची गुरू म्हणजे घार. सुकापूरच्या आकाशात काळी घार कायम. ती पंख न हलवता गोल घेत असेल तर तिथे काहीतरी आहे, डोळे मिटून तिच्याखाली जावे. ती शेपटी रडरसारखी पिळून वळते, पाहत राहावे असे ते कौशल्य आहे. आपले विमान गोलात शिरले तर ती हटत नाही, उलट कधी कधी आपल्याला थर्मल लागलेला पाहून घारीच आपल्याकडे येतात. त्या दिवशी माणूस घरी फार बोलतो. दुपारी बारा-एकच्या सुमाराला खाडीकडून वारा सुरू झाला की मात्र खेळ बदलतो. समुद्रावरची गार हवा जमिनीलगत आत शिरते, फुगे सुटायचे बंद होतात, सपाटीवरच्या घारी दिसेनाशा होतात. त्या गेलेल्या असतात डोंगरांकडे. तोच वारा माथेरानच्या कड्यांवर आदळून वर चढतो आणि त्या तिथे कड्यासमोर रांग धरून तरंगतात. कामशेतचे पॅराग्लायडरवाले ज्यावर तासन्तास राहतात ती हीच चढती हवा, फक्त त्यांचा डोंगर घाटावरचा.

इमारतीतली मुले विचारतात, काका, तुम्ही ड्रोन का नाही घेत? त्यात कॅमेरा असतो, जागच्या जागी थांबते, सोडून दिले तरी पडत नाही. सगळे खरे आहे. ड्रोन हे फार हुशार यंत्र आहे. पण चार पंख्यांच्या ड्रोनची बॅटरी संपली की ते दगड होते. ग्लायडरची बॅटरी संपली की ते ग्लायडरच राहते. मोठ्या विमानालाही हे लागू आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७चे इंधन हवेतच संपले. इंधन भरताना किलोच्या जागी पौंडांचा हिशेब झाला होता. वैमानिक रॉबर्ट पिअर्सन मुरलेले ग्लायडर पायलट होते. त्यांनी ते अवाढव्य धूड इंजिनाशिवाय गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि कुणीही दगावले नाही. मुलांना ही गोष्ट आवडते. नंतर ती ड्रोनच घेतात.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावे हलवली, आणि ११६० हेक्टरांवर ते उभे राहिले. धावपट्टी ३७०० मीटरची, साधारण पूर्व-पश्चिम. म्हणजे पूर्वेकडून उतरणारे विमान पनवेल परिसरावरून येणार. उतरताना विमान तीन अंशांच्या उताराने खाली येते, म्हणजे धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर ते अडीचशे मीटरच्या आसपास असते. विमानांचे वेड असलेल्या माणसाने गच्चीवर खुर्ची टाकून बसावे असे हे दृश्य. मी बसतोही. इंजिने जवळजवळ आवाज करत नाहीत अशा बेताने एखादे एअरबस उतरत जाते तेव्हा त्याची उंची आणि अंतर मी सवयीने मनात मांडतो.

पण माझे विमान आता सुकापूरच्या खाचरांवर उडू शकत नाही. २५ ऑगस्ट २०२१चे ड्रोन नियम फक्त कॅमेऱ्याच्या ड्रोनना नाहीत, माणूस नसलेल्या प्रत्येक उडत्या यंत्राला आहेत, त्यात पंखांचे मॉडेलही आले. मॉडेलांना ते तसे दयाळू आहेत. शिक्षणासाठी किंवा छंदासाठी, डोळ्यांच्या टप्प्यात उडवायचे असेल तर प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही, आणि दोन किलोपर्यंतचे हौसेने उडवणाऱ्याला पायलटचा परवानाही नाही. प्रश्न जागेचा आहे. नकाशावर आकाश तीन रंगांत वाटलेले आहे. हिरव्यात १२० मीटरपर्यंत खुशाल उडवा, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी, लालमध्ये केंद्र सरकारची. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंत हिरवा रंगच नाही. आठ ते बारा किलोमीटरमध्ये हिरवा आहे, पण ६० मीटरपर्यंत. सुकापूर त्या आठाच्या आत आले, नेऱ्याकडची रानेही बाराच्या पट्ट्यात अडकली. माझ्या हिशेबात मांडायचे तर सुकापूरला शून्य, पुढे दीड मिनिट, आणि बारा किलोमीटरच्या बाहेर गेलो तर तीन. साठ मीटरवर थर्मल अरुंद असतात, धरता येत नाहीत. दीड मिनिटात गोल लागतच नाही.

या नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही. शे-दीडशे माणसे घेऊन उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत किलोभर वजनाचे, आत बॅटरी आणि मोटार असलेले काहीही असू नये, आणि ‘मी काळजी घेतो’ हा त्यावरचा युक्तिवाद नव्हे. जे लोक पहाटे कोण बघतंय म्हणून अजूनही उडवतात, त्यांच्याशी मी या विषयावर बोलत नाही. आम्ही काहीजण आता गाडीत पंख घालून धोदाणीच्या बाजूला जातो, नकाशा हिरवा आहे तिथे. जागा देखणी, डोंगर अंगावर आलेले. पण खाचरे लहान, झाडी दाट, विजेच्या तारा नको तिथून गेलेल्या, आणि शाळकरी मुलांना एकट्याने सायकलवर येता येत नाही. हे शेवटचे मला जास्त लागते. बांधावर बसून आधी नुसते बघणारी, मग विमान उचलून आणून देणारी, मग पुठ्ठ्याचे ग्लायडर करून आणणारी पोरे सुकापुरात होती. धोदाणीला आम्ही आपापसातच असतो.

जमिनीचे म्हणाल तर विमानतळ आले नसते तरी खाचरे फार टिकली नसती. २०१३ साली या सगळ्या पट्ट्याला ‘नैना’ हे नाव मिळाले आणि आखणी सिडकोकडे गेली. आकुर्लीपर्यंत राबाच्या जागी पाइलिंगची यंत्रे उभी आहेत. काँक्रीटही तापते, घारी त्यावरही गोल घेतात, फक्त उतरायला जागा उरत नाही. या आखणीत बागा आहेत, खेळाची मैदाने आहेत, शाळांचे भूखंड आहेत. ज्या शहराची ओळख विमानतळ अशी होणार आहे त्याच्या नकाशात मुलांना ग्लायडर उडवायला एक जागा असावी, ही मागणी अवास्तव नाही. बारा किलोमीटरच्या रेषेबाहेर दोनशे मीटर लांब, शंभर मीटर रुंद, म्हणजे पाच एकर. लांबी पूर्व-पश्चिम, कारण वारा तसा आहे. कडेने विजेच्या तारा नकोत आणि एसटी जाईल असा रस्ता जवळ हवा. शेड, स्टँड, उद्घाटनाची कोनशिला यांतले काही नको. आम्हाला ती जागा नोव्हेंबर ते मे एवढीच लागेल. पावसाळ्यात तिथे भात लावले तरी आमची हरकत नाही.